पडद्याच्या पुढची सीट

अन्याय झाला तो माझ्या बापावर, यंदाच्या होळीच्या आदल्या दिवशी सकाळी, मुंबईहून हैदराबादला जाणाऱ्या विमानात, पडद्याच्या पुढच्या महागड्या सीटवर. पत्रकाच्या पहिल्या ओळीत कुणावर आणि कधी ते लिहायचं, बाकीचं मागून, असं मला मुरबाडच्या संघटनेत शिकवलं. म्हणून आधी ते लिहिलं.

त्या सकाळी उंबरमाळी स्टेशनाच्या वरच्या अंगाला, आमच्या पाड्यावर, एक पांढरी गाडी आली. माझ्या बापासकट गावकीतली पाच जाणती माणसं धुतलेले कपडे घालून तीत बसली. आमच्या डोंगरावर जिला खडीची खाण काढायची आहे त्या कंपनीचा साहेब त्यांना हैदराबादेजवळची आपली दुसरी खाण दाखवायला नेत होता. तिकडचं गाव खाणीमुळे कसं सुखी झालंय ते बघा, म्हणे. आई सांगते, गाडी वळणाआड गेली तरी बराच वेळ धूळ खाली बसली नाही. आई असलं काही उगाच बोलत नाही.

मी पाडा सोडला तेव्हा गाडीबिडी नव्हती. कॉलेज मुरबाडला मामाकडे राहून केलं आणि नोकरी लागली ती थेट हैदराबादला, औषधांच्या गोदामात. निघताना बाप फाट्यापर्यंत पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आला. जीपमध्ये पेटी टाकली आणि म्हणाला, "बाय, भूक काढ, पण कुणाचं फुकट खाऊ नको. ज्याच्या पंगतीला बसलं त्याच्यावर मग तोंड उघडता येत नाय." आमच्याकडे ही नुसती म्हण नाही. ज्याच्या मांडीला मांडी लावून जेवलात, त्याच्याविरुद्ध गावकीत बोलायचं नाही, हा कायदा आहे. भांडण असेल तर माणूस आधी जेवण सोडतो, मग भांडतो.

हैदराबादेत मी पीजीत राहते, शिफ्ट करते, 'नक्को' आणि 'हौ' म्हणायला शिकले. सुट्टीच्या दिवशी गोदामातल्या मुलींसाठी पत्रकं लिहिते. माझा बाप माझ्या या शहरात आला, खाण बघितली, आणि मला न भेटता परत गेला. होळीनंतर फोनवर सांगितलं, "तुज्या हैदराबादला येऊन गेलो गो. साहेबाला टाइम नव्हता." मी विचारलं, खाणीवर गावकी बसली, तिथं काय बोललास? त्याने फोन आईकडे दिला. तिच्याकडून कळलं. पाचही जण गप्प बसले होते. त्यांच्या गप्प बसण्याला कंपनीने होकार धरलं.

तानसा धरणाचं पाणी आमच्याच तालुक्यातून मुंबईला जातं. आमच्या पाड्याला प्यायला आहे तो डोंगराच्या कुशीतला एक झरा. खाणीचे सुरुंग बरोबर त्याच्या डोक्यावर लागणार आहेत. पाण्याची शीर एकदा हलली की जागेवर येत नाही. मी पाडा सोडला तो माझ्या मर्जीने. यांना सोडावा लागेल, सगळ्यांना, पेट्या उचलून.

त्या पडद्यापुढे असं काय असतं ते बघायचं म्हणून पाडव्याला घरी येताना मी पुढच्या सीटचं तिकीट काढलं, माझ्या पगारातून. गोदामातल्या मैत्रिणी अजून विचारतात, पैसे वसूल होतात का? नाही होत. सीट रुंद आहे, पाय लांब होतात. हात पुसायला गरम रुमाल मिळतो, काचेच्या ग्लासात सरबत, चिनी मातीच्या ताटात जेवण. बाई नाव घेऊन बोलते. मग पडदा ओढतात आणि मागची माणसं दिसेनाशी होतात. प्रवास दीड तासाचा. मागचे आणि पुढचे एकाच वेळी जमिनीला टेकतात, पुढचे तेवढे आधी उतरतात, आणि बॅगेसाठी मागच्यांबरोबरच उभे राहतात. गुडघे दुखत असतील आणि पैसे तुमचे असतील तर खुशाल बसा. पण तिकीट दुसऱ्याने काढलं असेल तर सीट तुम्ही घेतलेली नसते, तुम्हाला कुणीतरी घेतलेलं असतं.

घरी आले तर डोंगरावर चुन्याच्या रेघा होत्या. ऐनाच्या झाडांवर लाल रंगाने आकडे टाकलेले. चाचणीचं ड्रिल एकदा फिरवून गेले होते, तेव्हापासून झरा गढूळ येतो. आई पाणी फडक्यातून दोनदा गाळते.

जेवताना मी विषय काढला. "विमानातलं जेवण कसं होतं, बा?"

"बरं होतं. भात मोकळा. जरा आळणी."

"तुजा बाप पुढं बसला," आई म्हणाली, "तवापासून त्याला माजा भात चिकट लागतो."

"गप गो तू."

"मग गावकीत का बोलला नाहीस?" मी विचारलं.

"ज्याचं खाल्लं त्याच्यावर भर सभेत कसं बोलू? मीच तुला सांगितलं नव्हतं?"

"तो साहेब जेवला का तुमच्यासोबत?"

"नाय. पलीकडं बसलेला. नुसती कॉफी पीत होता. म्हणला, डायट हाय."

आईने वाढता हात तसाच धरला. "पानावर बसला नाय? मग ती पंगत कसली? तो चारा. कापायच्या आधी कोंबडीला टाकतात तसा."

बाप हसला नाही. "तरी गिळलं ते मीच ना," म्हणाला, आणि ताटावरून उठला. त्या दिवसापासून तो झऱ्याकडे जात नाही. बाकीचे चौघे मला बघून वाट बदलतात. आणि साहेबाची माणसं आता तरुण पोरांना विचारत फिरताहेत, गोव्याला विमानाने कोण कोण येणार, पुढच्या सीटवर. पोरं खूष आहेत. कपडे शिवायला टाकलेत.

हैदराबादेत मी हात वर केला तर फार तर रिक्षा थांबते. पाड्यावर हात वर केला तर तो मोजावा लागतो, कारण माझं नाव अजून इथल्या मतदार यादीत आहे आणि कुणी कितीही सांगितलं तरी मी ते हलवलेलं नाही. माझ्यासाठी आता घर म्हणजे एवढंच. अंगण नाही, भात नाही, आठवणी तर नाहीच नाहीत.

खाणीचा ठराव एक मेच्या ग्रामसभेत येणार आहे. ठाण्याला गेलेल्यांनो, पुण्याला गेलेल्यांनो, दुबईहून सुट्टीवर आलेल्यांनो, आणि पाड्यावर राहून मान खाली घालणाऱ्यांनो, मला तुमची हळहळ नको. आमची पाच माणसं चुकली असं मागून कुजबुजू नका, त्यांच्या शेजारी येऊन बसा. एक मेला सकाळी शाळेच्या पटांगणात हजर राहा. ठराव वाचला की उभे राहा, हात वर करा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं 'नाय' म्हणा.