आजोबांची होडी आणि माझी साफसफाई

आमच्या घरात जुनी आणि मोलाची म्हणावी अशी एकच वस्तू होती, आणि ती मी घासून स्वच्छ केली.

वस्तू म्हणजे हातभर लांबीची लाकडी होडी. आईचे वडील धारगळचे तारी; पूल नव्हता तेव्हा नदीवरून माणसं उतरवायचे. आई लग्न होऊन नार्व्याला निघाली तेव्हा त्यांनी स्वतः कोरलेली म्हणून ही छोटी होडी तिच्या हातात ठेवली, आणि त्याच पावसाळ्यात ते गेले. तेव्हापासून ती आमच्या चुलीवरच्या फळीवर धूर खात होती.

यंदा चवथीला धारगळहून मामा आला (आईचा धाकटा भाऊ, तोंडाने फटकळ). नेवऱ्या खाता खाता म्हणाला, "बाबांनी खंयची केल्यानी ती! जत्रेतसून इकत हाडलेली."

आई रात्री जेवली नाही. बापाच्या हातचं म्हणून जन्मभर जपलेलं तेवढंच होतं तिच्याकडे. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करतो. (घरचे याला घाबरतात.)

जुन्या वस्तू पारखणारे एक गृहस्थ पणजीत आहेत असं कळलं. त्यांना घरी बोलावलं, मामालाही.

"पाहुणे येणार, आणि ही एवढी काजळी?" मी म्हणालो.

"तिका हात लावू नका हां!" बायको ओरडली. "घड्याळ साफ केलात, तेव्हापासून ता बंदच."

मी चिंच लावून काथ्याने ती घासली. काजळी गेली, पण होडी आजाऱ्यासारखी पांढरी पडली. म्हणून खोबरेल चोपडलं. त्याचे डाग पडले, म्हणून पॉलिश पेपर मारला. मग खिडक्यांचं उरलेलं व्हार्निश! होडी अशी झळकली, की मला वाटलं पारखणारा चाटच पडेल.

तो पडला. भिंग लावून बराच वेळ बघत राहिला. "चाकूच्या खुणा, हाताचं तेल, धुराचे थर, त्यावरून काही सांगता येतं हो. इथे नुसतं व्हार्निश आहे. परवाचं."

"कालचं," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

आईने डोळ्यांना पदर लावला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शेवटचं म्हणून पारखणाऱ्याने होडीच्या निमुळत्या टोकात बॅटरी मारली. तिथे माझी जाडी बोटं पोचली नव्हती.

"इथे शिल्लक आहे काजळी! आणि चाकूचे घाव उलट्या अंगाने आलेत. करणारा डावखुरा होता. कोण, ते मी नाही सांगू शकत."

मामाचा हात हळूच स्वतःच्या उजव्या गालावर गेला.

"मास्तराची थापड ह्या गालार बसायची," दुसरा गाल दाखवत तो म्हणाला, "आणि बाबांची ह्या." मग तो आईकडे वळला. "आका, बाबांनीच केल्यानी गो."

आई रडली, मग हसली, आणि स्वतः उठून भावासाठी चहा नि पावाचे उंडे घेऊन आली.

होडी पुन्हा फळीवर गेली. परवा आईच्या पायाला चिखल लागला म्हणून मी ओलं फडकं घेऊन धावलो, तर तिने चटकन पाय आखडून घेतले.

"तू नको रे बाबा, सुनेक हाक मार. मीय जुनीच वस्तू!"