पाण्याचा बोकड

माझ्या बोकडाचा एकही फोटो नाही. आमच्या माहेरी तेव्हा फोटो निघायचे ते फक्त लग्नात, आणि माझ्या लग्नाच्या फोटोंत तो कुठेच नाही. मी सगळे शोधून पाहिले आहेत. मांडवाच्या खांबामागे, बायकांच्या लुगड्यांच्या घोळक्यात, सगळीकडे. एकदा बघायला मिळावा, एवढंच वाटत आलं आहे.

म्हणून लेक म्हणाली, "आई, क्लासमध्ये पाण्याच्या शिंतोड्यांपासून एक प्राणी बनवून न्यायचाय," तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बोकड कर."

ती हसत सुटली. ती औरंगपुऱ्याकडे एका क्लासला जाते, कॉम्प्युटरवर फोटो बदलायचं शिकते. "सगळे घोडा करतात, आई. नाय तर वाघ. अन् मी बोकड घेऊन जाऊ? क्लासात लई वास सुटल."

"पाण्याच्या बोकडाला कशाचा वास?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी सहसा उलट बोलत नाही. "बरं," ती म्हणाली, "बोकड तर बोकड."

उडत्या पाण्याचे फोटो हवे होते. मागे काळं हवं, म्हणजे पाणी उठून दिसतं, म्हणून तिनं माझा काळा परकर अंगणातल्या दोरीवर ताणून बांधला. नळ येऊन पाच दिवस झाले होते. मी तांदळाचं धुवण घेतलं, तर ते गढूळ दिसतं म्हणाली. मग खाली टब ठेवला आणि एकच तांब्याभर पाणी पुन्हा पुन्हा उडवलं. मी उडवायचे, ती मोबाइलवर फोटो काढायची.

शेजारच्या भाभी गच्चीवरून ओरडल्या, "क्या वहिनी, आज होली है क्या? हमारे यहाँ पीने को नहीं, और तुम लोगां हवा को नहलारे!"

"भाभी, बकरा बन रहा है!" लेक म्हणाली.

"बकरा? फिर दावत में बुलाना पड़ता, हाँ!"

त्या दोघी हसल्या. माझा तांब्याचा हात मात्र वरच राहिला. "उडव ना, आई," लेक म्हणाली, तेव्हा भानावर आले.

दोन-तीन दिवस संध्याकाळी ती कॉम्प्युटरपुढे बसायची आणि मी शेजारी, भाजी निवडत. एका फोटोतली पाण्याची धार कापून घ्यायची, वाकवायची आणि पाठ करायची. दुसऱ्यातली पिळून पाय करायचा. प्रत्येक तुकडा वेगळ्या काचेवर काढल्यासारखा असतो आणि त्या सगळ्या काचा एकावर एक ठेवलेल्या. ती त्यांना लेअर म्हणते. प्रत्येक लेअरपुढे एक बारीक डोळा असतो. तो बंद केला की तेवढा तुकडा नाहीसा होतो.

"शिंगं कशी होती?"

"मागं वळलेली. डावं जरा आखूड."

"कान?"

"लांब, लोंबते. काळ्यावर पांढरे ठिपके."

"आई, तुला इतकं सगळं कसं आठवतं?"

मी मेथीच्या काड्या मोडत राहिले.

चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. पाचवी पुढच्या गावात होती आणि तिकडे मुली पाठवत नसत. त्याच उन्हाळ्यात एक शेळी व्याली आणि मेली. तिचं करडू माझ्या ओटीत टाकलं गेलं. मी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मोठा झाल्यावर आमचा एक खेळ असायचा. हौदातलं ओंजळभर पाणी मी त्याच्या पाठीवर मारायचे आणि तो कानापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झटकायचा. मी भिजायचे. परत मारायचे.

माझं लग्न जमेना, तेव्हा आईनं म्हसोबाला बोकड बोलला. कोणता, ते मला कुणी सांगितलं नाही. लग्नानंतर मांडवपरतणीला माहेरी आले, तर तो कपाळाला कुंकू लावून म्हसोबापुढे उभा.

आमच्याकडे रीत अशी की बोकडावर पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. त्यानं अंग झटकलं तर देवानं घेतला. झटकलं नाही तर कुणी हात लावायचा नाही. एका घरचा बोकड दिवस मावळेपर्यंत तसाच उभा राहिला होता आणि मग त्याला सोडून दिलं होतं, असं मी लहानपणी ऐकलं होतं. पाणी शिंपडायचं ते ज्याच्यासाठी नवस त्यानं. आईनं माझ्या हातात तांब्या दिला.

मी चार थेंब टाकले, जमेल तेवढे कमी. तो माझ्याकडे बघत होता. मी पाणी टाकलंय हे त्याला कळलं आणि त्यानं जोरात अंग झटकलं.

"लगेच कौल दिला!" लोक म्हणाले. आई म्हणाली, "बघ बाई, देवानं किती पटकन घेतला."

तो कौल नाही, तो आमचा खेळ आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. नव्या सासरची माणसं होती, गावातले पुरुष होते. मी पदर पुढे ओढला. त्या दिवशी मी जेवले की नाही, ते कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी लेकीनं हाक मारली. बोकड झाला होता. पाण्याचाच, पण डावं शिंग आखूड, कान लोंबते, अगदी तो. आणि त्याच्या कानांभोवती, पाठीवर, शेपटीपाशी तिनं थेंबच थेंब उडवले होते.

"आत्ताच अंग झटकलंय असं वाटतं ना?" ती म्हणाली.

मी उठून आत गेले. गॅसवर काही नव्हतं, तरी तिथे उभी राहिले. मग परत आले.

"ते थेंब काढ."

"कोणते?"

"भवतालचे. सगळे."

"अगं, मग शिंतोडे काय राहिले? मॅडम मार्क देणार नाहीत."

"मॅडमला हाच दे. मला एक न झटकलेला करून दे."

"का पण?"

मग मी तिला सांगितलं. थांबत थांबत, मेथीच्या जुडीकडे बघत. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिनं खुर्ची थोडी सरकवून मला जागा केली.

"मी एकेक डोळा बंद करते," ती म्हणाली. "तू थांब म्हण."

शेपटीपाशी उडालेलं पाणी गेलं. पाठीवरचं गेलं. मग कानांभोवतीचे थेंब, एकेक करून. कान खाली आले नाहीत, ते होते तसेच होते, पण आता स्थिर वाटायला लागले. तो नुसता उभा होता.

"थांब," मी म्हणाले.

"नाकापाशी एक राहिलाय बघ. काढू?"

"नको. राहू दे," मी म्हणाले. "पाणी प्यायला असल."