तायडे सरांना नेमकं किती दिसतं?

पहिल्याच रविवारी नागसेन तायडे घरात शिरले, टीपॉयला अडखळले, पाण्याचा ग्लास सांडला आणि ओशाळून खाली वाकले ते फरशीवरची सेफ्टी पिन उचलूनच वर आले.

"घ्या ताई, कोणाच्या पायात जाईन," म्हणाले.

भावनाच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. एवढा मोठा टीपॉय दिसत नाही आणि पिन दिसते? हातात पांढरी काठी, तिला खाली लाल पट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा. आणि हा माणूस तिच्या मुलीला काठीने चालायला शिकवण्यासाठी अकोल्याहून अमरावतीला आला होता!

तिची मुलगी आकांक्षा एकोणीस वर्षांची. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. त्यात कडेची नजर आधी जाते, मधली तेवढी उरते, आणि अंधारात तीही कामाची राहत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी हे समजावून सांगितलं होतं. भावनाने ऐकलं, मान डोलावली, पण मनाने काही ते घेतलं नाही. पोरगी मोबाइल वाचते, सुईत दोरा ओवते. मग तिच्या हातात काठी कशाला? कॉलनीत तर तिने याची वाच्यताच केली नव्हती.

आता आकांक्षाला अकोल्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. वसतिगृहात राहावं लागणार होतं. तिचे वडील धर्मपाल यांनी एका वाक्यात निकाल दिला होता, "काठी शिकली त जाईन, नाही त घरी." पण वसतिगृहाच्या फॉर्मवर सही आईची लागणार होती आणि भावनाने अजून हो म्हटलेलं नव्हतं. तायडे सरांकडे आठ रविवार होते.

दुसऱ्या रविवारी सरांनी मनगटावरचं घड्याळ नाकाजवळ नेऊन वेळ पाहिली. भावनाने ते मनात टिपून ठेवलं. तिसऱ्या रविवारी शेजारच्या आशाबाई फाटकाशी थांबल्या.

"काहून वो भावना, तुमचे मास्तर त चौकात बोर्ड वाचून राहिले होते. मी आपल्या डोळ्यानं पायलं. अशा लोकायले सवलती पाह्यजे असते, दुसरं काही नाही."

"माहीत नाही बाई," भावना म्हणाली. पण त्या दिवसापासून ती शिकवणी चालू असताना खोलीतून हलेनाशी झाली. समोर मेथीची जुडी घेऊन बसायची. जो माणूस न दिसण्याचं सोंग करतो, तो पाहतो तरी कुठे? घरात वयात आलेली मुलगी. आईच्या मनात येऊ नये ते सगळं येत होतं.

सरांचं मात्र आपलं एकच चाललेलं असायचं. "उजवा पाय पुढं, टोक डावीकडं. डावा पाय पुढं, टोक उजवीकडं. घाई नाही. टोक आधी, मंग पाय." आकांक्षा अंगणात फेऱ्या मारायची. काठीचा टकटक आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून भावना रेडिओ लावून ठेवायची.

पाचव्या रविवारी तिने मुद्दाम व्हरांड्यात पाण्याची बादली ठेवली. सरांची काठी बादलीला लागली आणि ते शांतपणे वळसा घालून आत आले. म्हणजे दिसली! ती काठीला दिसली, त्यांना नाही, हे तिला कबूल करायचं नव्हतं. चहा देता देता तिने विचारलंच.

"सर, राग मानू नका. तुमाले नेमकं किती दिसते?"

सर हसले. "पुंगळीतून पाहावं न ताई, तेवढं. पुंगळीच्या तोंडासमोर आलं ते सारं सापडते, पिनबी सापडते. बाजूले हत्ती उभा असन तरी नाही. वाटच पाहत होतो, ताई कवा विचारते म्हून."

मग त्यांनी आपलं सांगितलं. एकविसाव्या वर्षी ते वरूडला संत्र्याच्या गाड्या भरायला होते. दिवसा सगळं ठीक. सांज पडली की पेटी खांद्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना पाय बाजूला पडायचा. पेटी खाली, संत्री रस्ताभर.

"मालक म्हणे, नागसेन पिऊन आला. मी कधी शिवलो नाही जी! पण रोज सांजच्याले माया तोंडाचा वास घ्यायचा त्यानं. वास नाही आला त म्हणे, आज दुसरंच काही घेतलं. शेवटी काढून टाकलं. गावात दारूड्या म्हून नाव झालं. पाच वर्षानं डॉक्टरनं आजार सांगतला, तवा मले भल्लं बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"मंग! आंधळा म्हटलं त चालन, दारूड्या काहून म्हणता? माय माही, पार्बताबाई, तिनं त गल्लीत पेढे वाटले." सरांनी चहाचा घोट घेतला. "मंग काठी शिकलो, अकोल्याले हाफिसात टेलिफोनवर लागलो. आता लोकं म्हणते, याले त दिसते, हा ढोंगी. चालू द्या."

आकांक्षा खळखळून हसली. भावना हसली नाही. गोष्ट फारच तयार वाटत होती. अशी किती घरी सांगितली असेल कोण जाणे. पण तोंडाचा वास घेणारा तो मालक तिच्या डोक्यातून जाईना. चार वर्षांपूर्वी नणंदेच्या घरी नामकरणाच्या पंगतीत आकांक्षाचा पाय वाढलेल्या ताटात पडला होता. भावनाने सगळ्यांदेखत तिच्या पाठीत धपाटा घातला होता. "डोळे आहेत का बटनं?" सरांना यातलं काही सांगण्याची गरज नव्हती. तिने कप उचलले.

आठवा रविवार अकोल्याचा. बडनेऱ्याहून गाडी, अकोला स्टेशन, तिथून ऑटोने वसतिगृह. सर म्हणाले, "ताई, यायचं त या. पण वीस पावलं मागं. अन् बोलायचं नाही. पोरगी खड्ड्यात पडली तरी नाही."

"हे काय बोलणं झालं?"

"पडू देणार नाही जी मी. पण तुमी बोलाल, तिचं ध्यान जाईन, अन् मंग पडन."

अकोल्याला गाडी थांबली तेव्हा फलाटावर ही गर्दी. आकांक्षा पुढे, तिच्या डाव्या हाताला सर, मागे पावलं मोजत भावना. पुलाच्या जिन्यापाशी एक टोपीवाले म्हातारेबाबा पुढून आले, खाली वाकले आणि त्यांनी आकांक्षाच्या काठीचं खालचं टोक मुठीत धरलं.

"चाल बेटा, जिना आहे, मी नेतो," म्हणत ते ओढू लागले.

आपल्याकडे ही रीतच आहे. भजनातल्या सूरदासबुवांना असंच नेतात. काठीचं एक टोक त्यांच्या हाती, दुसरं नेणाऱ्याच्या. धरणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. पण ही काठी ओढायची नाही, चाचपडायची. तिचं टोक धरणं म्हणजे चालणाऱ्याचे डोळे झाकणं. आकांक्षा एका बाजूला कलली, तिचा पाय पायरी शोधत हवेत राहिला.

भावनाने सरांकडे पाहिलं. ते दोन हातांवर होते. तोंड समोर, आणि आवाज नेहमीसारखा शांत. "शाबास. टोक आधी, मंग पाय."

टोक तर त्या म्हाताऱ्याच्या मुठीत होतं!

त्यांना दिसत नव्हतं. इथे कुणाला दाखवायचं म्हणून सोंग करणार होते ते? खरंच दिसत नव्हतं. वीस पावलं गेली चुलीत, म्हणून ती धावणार, तेवढ्यात आकांक्षाचा आवाज आला.

"बाबाजी, काठी सोडा. तुमचं कोपर द्या, मी धरते."

"आँ? कोपर?"

"हो. काठी धरली का मले काहीच समजत नाही."

सरांनी आता मान वळवली, चेहरा इकडेतिकडे फिरवला. "काय झालं? कोण आहे?"

म्हाताऱ्याने चटका बसल्यासारखी काठी सोडली आणि कोपर पुढे केलं. "आमच्या गावच्या सूरदासाले त मी असाच नेत होतो बापा."

"त्यायले विचारलं होतं का कधी?" आकांक्षा म्हणाली.

"नाही," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच हसू लागला. "नाही विचारलं."

पूल चढून दोघे पलीकडे उतरू लागले. भावना आता त्यांच्या अगदी मागे होती.

"अक्कू, त्या नामकरणाच्या दिवशी मी तुले..."

"आई, जिना उतरून राहिलो न. मधात बोलू नको."

वसतिगृहाच्या कार्यालयात फॉर्म समोर आला. 'स्थानिक संपर्क' या रकान्यात भावनाने नागसेन तायडे लिहिलं आणि त्यांचा नंबर विचारून घेतला. मग पेन तसंच धरून म्हणाली, "तुमच्या मिसेसचाबी द्या."

सर मोठ्याने हसले. "घ्या न ताई. तिचाबी मायावर भरोसा नाही. दोघी मिळून पहारा द्या."

भावनाने नंबर लिहिला, तिथेच लावून पाहिला, आणि पलीकडून बाईचा आवाज आल्यावरच सही केली.