आईच्या अळवासाठी हरकत

घोळ कोण घालत नाही? पण आईचं अळू मी भर सभेत घालवलं, ते आमची चाळ मला अजून विसरू देत नाही. चहा घ्या, सांगतो.

आमची चाळ नायगावची. गिरणीचा संप लांबला तेव्हा आईनं चाळीमागच्या मोकळ्या जागेत, मोरीचं पाणी जातं तिथे, अळू लावलं. मग लाल माठ, मिरच्या. बाबांचा पगार बंद, आणि ताटात रोज अळवाचं फतफतं! पुढे संप विरला, गिरणी कायमची बंद पडली, बाबाही गेले. अळू राहिलं. आई त्या पानांशी जेवढं बोलायची तेवढं माझ्याशीही बोलत नसे.

आणि वॉर्ड ऑफिसची योजना आली, शहरी शेतीची. बघतो तर जागा आमचीच! तिथलं सगळं साफ करायचं, कुंपण घालायचं, वाफे पाडायचे आणि रहिवाशांना भाजी लावायला द्यायचे. म्हणजे भाजी उपटून भाजी लावायची! आता बोला!

आई म्हणाली, "माझ्या अळवाक हात लावूचो नाय. जा, सांग तेंका."

हरकती ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. साहेब तरुण, सभ्य. माझ्या हातात माईक देत म्हणाले, "बोला काका, काय हरकत आहे?"

इथेच घात झाला. आमच्या मंडळाच्या पूजेला गाऱ्हाणं घालतो मीच. देवाकडे मागणं एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, ही आमची कोकणातली रीत. हातात माईक, समोर तीच सगळी माणसं. तोंडातून काय निघावं?

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हॉल दणाणला.

"हयसर जमलेल्या तुझ्या लेकरांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"हे सायब इलेत, तेंच्या कामाक यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

अहो, आधी पाहुण्याचं भलं मागावंच लागतं! अळवावर मी येणारच होतो, पण साहेब भारावले. माईक त्यांनी परत घेतला.

"मग जागा साफ करून कुंपण घालायचं ना?"

"होय म्हाराजा!"

"वशिला नको म्हणून वाफे वाटणाऱ्या समितीवरच्यांच्या घरी वाफा द्यायचा नाही?"

"होय म्हाराजा!"

"आणि समितीचे अध्यक्ष हे काकाच?"

"होय म्हाराजा!"

ह्यात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. सवय हो, दुसरं काय?

घरी आलो तर आई दारातच उभी होती. "काय झाला?"

"मंजूर झाला."

"अळू ऱ्हवता मां?"

"नाय. अळू काढूचा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सरळ आत गेली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागा साफ करायच्या दिवशी अध्यक्ष म्हणून कोयता माझ्याच हातात आला. आईनं अळवाचे कांदे तेवढे फडक्यात बांधून घेतले.

मग वाफे वाटायचा दिवस उजाडला. रांगेत पहिली कोण? आई! काखेत ते फडकं. मी साहेबांच्या शेजारी, अध्यक्षाच्या खुर्चीत. आडनाव एकच, पण आमची निम्मी चाळ एका गावची आणि एकाच आडनावाची, त्यामुळे साहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. तरी नियम म्हणून त्यांनी विचारलंच.

"आजी, अध्यक्ष तुमचे कोणी लागतात?"

गेला वाफा! मी मान खाली घातली. आईनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"ह्यो? ह्यो माझो कोण नाय."

"नक्की?"

"अहो सायबा, पोटचो झील आईचा अळू उपटता काय?"

साहेबांना ते पटलं. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला, आणि 'अर्जदार बाई माझ्या कोणीही लागत नाहीत' ह्या ओळीखाली मी मुकाट्यानं सही केली.