मध्येच थांबणारे दौलतकाका

दौलतकाका चालता चालता मध्येच थांबायचे आणि उगाच तलावाकडे बघत राहायचे. दिघोरीत सगळ्यांना वाटे, जाळं टाकणारा माणूस, पाण्याचा अंदाज घेत असेल. मी शेजारचा, म्हणून मला ठाऊक होतं. काकांची पोटरी आवळून येई आणि त्यांना ते कुणाला कळू द्यायचं नसे. आता काका नाहीत, म्हणून सांगतो.

मीच त्यांना मोटारसायकलवर भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी गार पडलेल्या पावलावर नाडी बराच वेळ चाचपली. "पायाला रक्त कमी पोचतंय. रोज चाला. दुखलं की थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. आणि बिडी आजपासून बंद."

"दुखते म्हनून आलो, अन् हा मानूस दुखेपर्यंत चाला म्हन्ते," बाहेर येताच काका म्हणाले आणि त्यांनी बिडी पेटवली.

तरी चालले. पार्वताकाकू रोज सकाळी त्यांना तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चालायला काढायच्या. पोटरी धरली की काका बसकण मारत, काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. हिवाळा सरेपर्यंत ते पाळीवरच्या देवळापर्यंत न थांबता जाऊ लागले. गावभर सांगत सुटले, "पाय सुधरला माहा! आता बिडीनं काय होते?"

पुढच्या वर्षी ते देवळाच्या पुष्कळ अलीकडे थांबू लागले. मग बसल्या जागीही पाय ठणकू लागला. खाटेवरून खाली लोंबता ठेवला तरच बरं वाटे. जाळं ओढताना त्याच पायाच्या अंगठ्याला शिंपला लागला. जखम भरेना. काका फडकं बांधून हिंडत.

"दाखवा बरं," मी म्हणालो.

"काही नाई रे. कातडी निबर झाली."

फडक्याला वास येत होता. शेवटी काकूंनीच ते सोडलं. अंगठा काळा पडला होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापायला सांगितला. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "अर्धा होऊन जगू कायले? घरी चला."

काकू रडल्या नाहीत. "मले अर्धा चालते," त्या म्हणाल्या. "पुरा मेलेला नाई चालत."

पाय कापला. त्यानंतर काकांनी बिडीला हात लावला नाही. अंगणात कुबड्यांवर चालायला शिकले, पडले, पुन्हा उठले. आम्हाला वाटलं, निभावलं.

एका सकाळी काकू त्यांना आंघोळ घालत होत्या. मला हाक आली. काकूंनी माझा हात धरून काकांच्या उरलेल्या पावलावर ठेवला. ऊन पाण्यानं अंगातून वाफा निघत होत्या. पाऊल गार होतं.

"काहून गप झाले रे दोघं?" काकांनी विचारलं.

काकूंनी त्या पावलावर आणखी एक तांब्या ओतला.