मोरचुदाचे दोन खडे

आमच्या घरातली खाऱ्या पाण्याची टाकी लाईटमुळे मेली, असं पांढुर्ण्यातली आमच्या ओळखीची सगळी माणसं मानतात. ते खोटं आहे. लाईट माझ्या सुनेनं निवडले होते आणि ते बरोबर होते. टाकी मी मारली. दोन वर्षं मी हे पोटात ठेवलं आणि तेवढा काळ दोष तिच्या माथी राहिला. म्हणून झालं तसं लिहितो आहे.

सुनेचं माहेर सौंसरचं. प्राणिशास्त्र शिकलेली. लग्नाआधी तिनं नागपुरात माशांच्या एका दुकानात तीन वर्षं काम केलं होतं. लोकांच्या घरी टाक्या लावून द्यायच्या आणि त्यांची निगा राखायची. पांढुर्ण्याला आल्यावर तिला हेच काम स्वतःचं म्हणून करायचं होतं. पण समुद्राचे मासे आमच्याकडे पाहिलेत कुणी? म्हणून तिनं आधी आमच्याच हॉलमध्ये सहा फुटांची टाकी उभी केली. लोकांनी यावं, पाहावं आणि काम द्यावं, एवढाच तिचा हेतू. मुलगा नोकरीपायी इंदूरला. घरात आम्ही तिघंच, मी, माझी बायको आणि सून.

मी जन्मभर संत्र्याची बाग केली. जमीन तिगावच्या बाजूला. गुडघे गेल्यापासून बागेत जाणं कमी झालं होतं आणि ही टाकी म्हणजे मला घरात आलेली बागच वाटायला लागली. सून गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवायची, खारटपणा मोजायची, मी बाजूला खुर्ची टाकून बसायचो. दगड रचून झाले तरी महिनाभर तिनं एक मासा सोडला नाही. पाणी आधी पिकू द्या लागते, त्यात घाण पचवणारे जंतू वाढू द्या लागते, म्हणायची.

कोणते मासे घ्यायचे यावर तर आमच्याकडे रोज चर्चा. तिचा नियम साधा होता. लाजाळू मासे आधी सोडायचे, भांडखोर सगळ्यात शेवटी.

"भांडखोर आधी टाकला, मामाजी, तं तो सगळी टाकी आपलीच समजते. मग मागून येणाऱ्याले जगू देत नाही."

"मंग मले बी या घरात शेवटीच आणाले पायजे होतं," माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती सावरगावची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, ही जुनी प्रथाच आहे. बायकोचा नेम वर्षभर चालू असतो.

लाईटच्या बाबतीत सून आणखी कडक. छतापासून तारांनी दोन लांब पट्ट्या टांगलेल्या, निळा उजेड वेगळा, पांढरा वेगळा. तिनं मऊ जातीची पोवळी आणली होती, टाकीतच वाढवलेली. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि पोवळं त्यावर जगतं, असं तिनं मला समजावलं.

"म्हणजे पानच झालं," मी म्हणालो.

"हो, पान समजा. पण एकदम ऊन दिलं तं जळते. दर आठवड्याले थोडं थोडं वाढवा लागते."

हे मला लगेच पटलं. रोपवाटिकेतलं कलम सावलीतून उन्हात काढताना आम्हीही असंच करतो. तिला कळतंय काय करायचं ते, असं मी तेव्हाच मनात म्हटलं होतं. म्हणूनच पुढे मी जे बोललो त्याला क्षमा नाही.

टाकी सजली. दोन नारिंगी क्लाऊनमासे होते, वाळूत बीळ करणारा एक, काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या चार-पाच गोगलगायी, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक झिंगा, जो माशांच्या अंगावरची घाण साफ करायचा. पोवळी दिवसा फुलायची. नागपूर रोडवर लग्नाचं मोठं लॉन बांधणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं निरोप पाठवला की रविवारी टाकी पाहायला येतो. पसंत पडली तर स्वागताच्या हॉलमध्ये याच्या दुप्पट मोठी लावायची. सुनेचं हे पहिलं काम ठरणार होतं.

त्याच्या आधीच्या आठवड्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं आणि ती सौंसरला गेली. जाताना तिनं लाईट एक पायरी वाढवला, चारा किती टाकायचा ते मला दाखवलं आणि म्हणाली, "बाकी कशाले हात लावू नका, मामाजी."

दोन दिवसांनी मी बाजाराच्या कामानं नागपूरला गेलो आणि तिच्या जुन्या दुकानात डोकावलो. तिथे तो मासा दिसला. गडद निळा, पिवळ्या शेपटीचा, तळहाताएवढा. तिच्या यादीत तो सगळ्यात शेवटी होता, आणि त्याच्यापुढे तिनं लिहिलं होतं की चार आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून मगच सोडायचा. मला ते माहीत होतं. पण रविवारी पाहुणा येईल तेव्हा टाकीत एक तरी डोळ्यांत भरणारा मासा हवा, असं मला वाटलं. सून खूश होईल असंही वाटलं. आणला आणि सरळ टाकीत सोडला.

शुक्रवारी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, मीठ शिंपडल्यासारखे. शनिवारी सकाळी क्लाऊनमाशांवरही. ते दगडाला अंग घासत होते. सून संध्याकाळी येणार होती आणि दुसऱ्या दिवशी लॉनवाला. तिला फोन करायला हवा होता. फोन केला असता तर मासा न विचारता सोडल्याचं सांगावं लागलं असतं. मी मोबाईलवर व्हिडिओ शोधला. त्यातला माणूस म्हणाला, या रोगावर तांबं चालतं. पुढचं मी ऐकलंच नाही. तांबं म्हणजे मोरचूद, आणि मोरचूद तर आमच्या शेडमध्ये पोत्यानं असतं. दरवर्षी त्यात चुना कालवून संत्र्याच्या खोडांना लेप देतो आम्ही. चाळीस वर्षं हातातलं औषध. भीती वाटायचं कारण नव्हतं.

हरभऱ्याएवढे दोन खडे घेतले, भांडंभर पाण्यात विरघळवले आणि ते निळं पाणी टाकीत ओतलं. भरदुपारी. बायको झोपली होती.

सून आली तेव्हा नवा मासा पाहून आधी रागावली. "न विचारता सोडला?" मी मान खाली घातली. ठिपके कमी झाले होते, ते तिला दिसले नाहीत. रविवारी सकाळी झिंगा उताणा पडलेला सापडला. गोगलगायी काचेवरून गळून खाली पडल्या होत्या. पोवळी मिटली ती उघडलीच नाहीत. लॉनवाला अकरा वाजता आला तेव्हा सून हातात जाळी घेऊन मेलेलं बाहेर काढत होती.

"लाईटानं भाजले बिचारे," बायको म्हणाली. "म्या तं आधीच म्हटलं होतं, एवढा उजेड कायले पायजे? घर हाय का सर्कस?"

लॉनवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "खरंच लाईट जास्त झाली का, काका?"

मी म्हणालो, "असंल बापा."

बस, एवढंच. ते दोन शब्द मी बोललो नसतो तरी मोरचुदाचं पाप राहिलंच असतं, पण ते माझ्यापाशी राहिलं असतं. लॉनचं काम नागपूरच्या माणसाला गेलं. पोवळी आठवडाभरात विरघळून गेली. जे मासे वाचले ते सुनेनं दुकानाला परत दिले, टाकी रिकामी केली, दगड धुऊन वाळवले आणि पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवले.

पण तिला एक गोष्ट खटकत राहिली. "झिंगा लाईटानं मरत नाही," ती म्हणायची. "तो आधी मेला. असं कसं झालं?" एकदा तिनं मला सरळच विचारलं. "मामाजी, मी नव्हती तेव्हा पाण्यात काही पडलं का? डासाची फवारणी, अगरबत्तीची राख?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी खोटं बोलेन हे तिच्या डोक्यातच आलं नसावं. त्यानंतर दोन वर्षं तिनं गोड्या पाण्याच्या लहान लहान टाक्या लावल्या, कुणाच्या दुकानात, कुणाच्या शाळेत. चांगला उजेड कुठेच लावला नाही. कुणी खाऱ्या पाण्याचं विचारलं की बायको तिच्यादेखत सांगायची, "आमच्याकडची भाजून ठेवली तिनं." सून हसून घ्यायची. मी पेपर वाचायचो.

यंदा सौंसरच्या एका बालरोगतज्ज्ञानं तिला बोलावलं. दवाखान्यात मुलं बसतात तिथे खाऱ्या पाण्याची टाकी हवी होती, पोवळ्यांसकट. तिच्या माहेरच्या गावात. जाण्याआधी ती मला म्हणाली, "ही पण मेली तं मी हे काम बंद करणार, मामाजी. माह्या बाबाच्या गल्लीत मले तोंड दाखवता येणार नाही." लाईट या वेळी निम्म्यावरच ठेवणार होती. आणि दगड नवे न घेता शेडमधलेच वापरणार होती.

तोवर मला कळून चुकलं होतं. दोन वर्षांत मी त्या विषयावरचं सापडेल ते वाचलं होतं. तांबं असल्या दगडात मुरतं. धुऊन, वाळवून जात नाही; पाण्यात गेलं की पुन्हा हळूहळू सुटतं. मासे जगतील, पण झिंगा आणि पोवळी पुन्हा मरतील. आणि ती पुन्हा स्वतःलाच दोष देईल.

मी म्हणालो, नवे दगड घेऊ. ती म्हणाली, चांगले आहेत ना हे, कायले? मी म्हणालो, मीही येतो दगड उचलायला. ती हसली. "गुडघे पाहा आपले." तरी गेलोच. पिकअपमध्ये मागे पोती, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं. दोन्ही बाजूंना कापसाचं रान होतं. ड्रायव्हरसमोर नको, दवाखान्यात गेल्यावर सांगू, असं मी ठरवलं. दवाखान्यात मुलं रडत होती, आया बसल्या होत्या. इथे नको, असं ठरवलं. टाकीत मिठाचं पाणी दोन दिवसांपासून फिरत होतं. सून स्टुलावर चढली, बाह्या वर केल्या आणि हात पुढे केला. मी पहिला दगड दिला. हो, दिला. तो पाण्यात गेला, त्यातून बुडबुडे आले.

"आता तो मोठा द्या."

मोठा दगड माझ्या हातात होता. मी तो दिला नाही.

"जड आहे का? थांबा, मी येते."

"हा टाकू नको."

"कायले? तडकला का?"

"यात मोरचूद आहे," मी म्हणालो. "मी टाकलं होतं. तू सौंसरले होती तेव्हा. त्या माशाच्या अंगावर ठिपके आले होते."

ती स्टुलावरून खाली उतरली नाही. ओला हात तसाच हवेत. मग तिनं विचारलं, "किती?"

"हरभऱ्याएवढे दोन खडे."

"झिंगा मेला त्याच्या आधी?"

"आदल्या दिवशी."

तिनं पाण्यात हात घालून तो पहिला दगड बाहेर काढला, पोत्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बसलेल्या आयांपैकी एकीनं विचारलं, काय झालं हो?

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती भिंतीकडेच पाहत म्हणाली.

"हो."

"मले वाटे, मी शिकलीच नाही काही. दोन वर्षं, मामाजी." मग वळून म्हणाली, "हे सगळं पाणी फेका लागंल. टाकी दोन दिवस मागं गेली. डॉक्टरले तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी आत गेलो. डॉक्टर एका बाळाच्या छातीला नळी लावून बसले होते. त्यांच्यासमोर आणि त्या बाळाच्या आजीसमोर मी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी बाहेर येऊन सुनेला एकच विचारलं, "म्हणजे तेव्हा तुमचे लाईट बरोबर होते?"

"बरोबर होते," ती म्हणाली.

"मग इथेही तसेच लावा. दगड नवे आणा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल, चार गोष्टी ऐकवेल. ती एवढंच म्हणाली, "दोन वर्षं म्या तिले बोलली. माह्या तोंडानं तुमीच बोलत होते." त्यानंतर आठ दिवस तिनं माझं ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

लॉनवाल्याकडेही गेलो. तो हसायला लागला. "काका, एवढ्याशा गोष्टीसाठी पायी आले? मासेच होते ना! आणि ऐका, नागपूरवाल्याची टाकी हिरवी पडून राहिली. सूनबाईले पाठवा ना एक दिवस, पाहून घेईल." ज्यासाठी तिची दोन वर्षं गेली ते त्याला आठवतही नव्हतं धड.

सौंसरची टाकी लागून आता चार महिने झाले. मी पाहिलेली नाही. तिनं चला म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. मी माफी मागितली तेव्हा तिनं ऐकून घेतलं. चहा देते, गोळ्यांची आठवण करते. माशांबद्दल मात्र माझ्याशी बोलत नाही.

लॉनवाल्याचा निरोप मी तिला त्याच संध्याकाळी सांगितला होता. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी पूर्ण करून म्हणाली, "मी नाही जाणार त्यांच्याकडं. त्यांना काम द्यायचं असंल तं सौंसरले येऊन टाकी पाहावी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा चालत गेलो आणि हे तिच्याच शब्दांत त्याला सांगून आलो.