रिकामे डबे
आज सकाळी भाजी भरायला डबा शोधला, तर मांडणीवर एकही सापडेना, आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या जुन्या दोन खोल्या आठवल्या. नवऱ्याची नोकरी गेली आणि पाठोपाठ पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आमच्या चर्चमधल्या एक मावशी रोज डबा आणायच्या. जेवणाआधी आम्ही डोळे मिटून देवाचे उपकार मानायचो, पण माणसांचे उपकार मला सोसवत नव्हते. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही ही आईची शिकवण, आणि घरात तर डब्यात घालायला चमचाभर साखरही नव्हती. मग मी डबे घासूनपुसून ओट्यावर पालथे घालत राहिले. बेल वाजली की मी त्या चळतीपुढे आडवी उभी राहायचे. एकदा तर मी डब्यांवर पंचाच टाकला. शेवटी मावशींनी दारातूनच विचारलं, “अहो, डबे द्यायचा विचार आहे का? उद्या भाजी ओंजळीतून आणू?” मी पुटपुटले, “रिकामे कसे देऊ?” त्या म्हणाल्या, “रोज देवाचे उपकार मानता, तेव्हा त्याला काय भरून देता?” मी डबे पिशवीत घालून दिले. त्या जिना उतरत होत्या, तेव्हा ते सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातील असे खणखणत होते. आणि आज माझ्या मांडणीवर डबा नाही. खालच्या मजल्यावर ज्यांना सध्या मी भाजी पोचवते, त्या बाई हल्ली जिन्यात नजर चुकवतात. जाते आता, रिकामेच मागायला.